आठ फॉर्म, एकच अक्षर

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि केळीच्या बागेत चला.

डिसेंबरची दुपार आहे. डोक्यावर केळीची पानं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की ऊनसुद्धा खाली येईपर्यंत हिरवं होतं. पायाखाली ठिबकच्या नळ्या आहेत, त्यांना अडखळू नका. बांधावर कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवल्या आहेत, त्यांवर भरताची वांगी भाजली जात आहेत आणि त्यांचा धूर हळूहळू बागेत शिरतो आहे. मागे पाहुण्यांचा गलबला ऐकू येतो, पण तुम्ही उभे आहात तिथं कुणी नाही. इतक्यात पॅकिंगच्या शेडमागून आवाज येतो. फुस्स. पुढं एकदम शांत. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आता कुणीतरी लांब श्वास सोडतं. आणि पुन्हा तोच आवाज, फुस्स.

काय वाटलं तुम्हाला? साप? सायकलच्या चाकाची हवा? की कुणी लपूनछपून काही करतंय?

नूतनला तिसरी गोष्ट वाटली. ती बारा वर्षांची, सातवीत शिकणारी. हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला नव्हता. दिवाळीत घर झाडताना एकदा माळ्यावरून आला होता. नंतर जिनिंगच्या कारखान्यात कापूस घालून आल्यावर तेजसकाका विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरला, तेव्हा आतून आला होता. दोन्ही वेळा काका बाहेर आला तो थेट नळावर, आणि त्यानं खळाखळा गुळण्या केल्या. चोरून काही करायचं आणि वर तोंड धुवायचं, याचा अर्थ नूतनच्या शाळेतल्या कोणत्याही मुलानं सांगितला असता. गुटखा. तिनं काकाच्या मोटारसायकलची डिकी पाहिली, शर्टाचे खिसे पाहिले, उशीखाली हात घालून पाहिला. पुडी काही सापडली नाही. आजीला, लताबाईंना, तिनं आडून विचारलं की काका एवढ्या गुळण्या का करतो, तर आजी भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुले कायले पाहिजे चौकशा? अभ्यास कर." एरवी दहा प्रश्नांना वीस उत्तरं देणारी आजी. नूतनच्या मनात तेव्हाच आलं की आजीलाही माहीत आहे.

म्हणून आज ती धुरामागून, पाय न वाजवता, शेडला वळसा घालून गेली.

तेजसकाका खोक्यांच्या चळतीला टेकून बसला होता. सव्वीस वर्षांचा उंचापुरा गडी, केळीचा घड एका खांद्यावर घेऊन चालणारा, पण आत्ता त्याचे खांदे कानापर्यंत वर आले होते आणि प्रत्येक श्वासामागं बारीक शिट्टी वाजत होती. हातात प्लास्टिकची एक छोटी निळी नळी होती. ती त्यानं तोंडात धरली, वरची डबी दाबली. फुस्स. डोळे मिटून तो थांबला. डोळे उघडले तर समोर नूतन.

त्यानं नळी मुठीत लपवायला पाहिली, पण उशीर झाला होता.

मग त्यानं सांगितलं. दमा. कॉलेजात असताना सुरू झाला. जळगावच्या डॉक्टरांचं औषध आहे, एक पंप रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि त्यानंतर गुळण्या करायच्या, दुसरा हा निळा, श्वास अडकला तरच. धूर, थंडी आणि कापसाची धूळ यांनी त्रास होतो, एरवी काही नाही. घरात फक्त आजीला ठाऊक आहे. आबांना, म्हणजे नूतनच्या आजोबांनासुद्धा नाही.

"कायले लपवतो मग? औषधच तर शे ना, दारू थोडीच शे," नूतन म्हणाली.

"सुपारी फुटली माझी," तेजस म्हणाला. "संक्रांतीनंतर साखरपुडा. आता हे बाहेर गेलं तर भुसावळवाले म्हणतील, पोराले दमा होता आणि लपवून सोयरीक केली."

"लपवूनच तं केली."

तेजसनं तिच्याकडं असं पाहिलं की तिला आपल्या जिभेचा पश्चात्ताप झाला. मग त्यानं तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. कोणाले सांगशील नाही. नूतननं शपथ घेतली. त्याच्यावर तिचा जीव होता. तिला विहिरीत पोहायला त्यानंच शिकवलं होतं, कमरेला रिकामा डबा बांधून.

शपथ घेऊन ती परत भरताच्या पंगतीत आली आणि अर्ध्या तासातच तिला त्या शपथेचं ओझं व्हायला लागलं.

झालं असं की त्या दिवशी भुसावळहून हितेंद्र आपली मंडळी घेऊन आला होता. हितेंद्र म्हणजे तेजसच्या होणाऱ्या बायकोचा भाऊ. रेल्वे कॉलनीत वाढलेला, हसरा, आणि सगळ्यांची सगळी माहिती ठेवणारा. नाताळच्या सुट्टीत मालवणला जायचं आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात तळापर्यंत उतरायचं, अशी टूम त्यानंच काढली होती. त्याचे चार मित्र, एक मावसभाऊ, तो स्वतः, तेजस, आणि चांगली पोहते म्हणून नूतन, असे आठ जण. नूतनचे बाबा आधी नाही म्हणत होते, पण व्याह्यांकडचा शब्द मोडायचा कसा, म्हणून हो म्हणाले. जेवणं झाल्यावर हितेंद्रनं पिशवीतून आठ फॉर्म काढले. रक्तदाब आहे का, दमा आहे का, कधी फीट आली होती का, कानाचं दुखणं, छातीचं ऑपरेशन, रोज चालू असलेली औषधं. प्रश्नांची ओळच्या ओळ, आणि प्रत्येकापुढं दोन चौकटी. डावीकडं 'हो', उजवीकडं 'नाही'.

गावात फॉर्म कसे भरतात, हे तुम्हाला माहीत असेल. पीकविम्याचा असो की बँकेचा, ज्याचं अक्षर चांगलं त्याच्यापुढं सगळे आपापले कागद ठेवतात. तो भरतो, बाकीचे तो बोट दाखवील तिथं सही करतात. आपल्या नावापुढं काय लिहिलं ते कोणी वाचत नाही. त्यांच्या गावात चांगलं अक्षर तेजसचं. त्यामुळं हितेंद्रनं कागद काढताच तेजस म्हणाला, "आणा इकडं, मीच भरतो सगळ्यांचे." आठही फॉर्म त्यानं मांडीवर घेतले आणि सगळीकडं उजव्या चौकटीत बरोबरच्या खुणा केल्या. वरून खाली, वरून खाली. पाच मिनिटांत काम फत्ते. सगळ्यांनी वाहवा करत सह्या ठोकल्या. नूतनच्या फॉर्मवर बाबांनी सही केली.

नूतनला एकाएकी उमजलं. आठ जणांच्या 'नाही'मध्ये काकानं आपला एक 'नाही' मिसळून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला एकट्याला गाठून विचारलं, की पाण्याखाली गेल्यावर श्वास अडकला तर काय करशील. तो म्हणाला, आज सकाळीच डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले काही हरकत नाही. पण त्याचा फोन तर सकाळपासून ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता, नूतनच्या डोळ्यांसमोर. तिनं ते बोलून दाखवलं नाही. मात्र त्या दिवसापासून काकाचं प्रत्येक वाक्य ती उलटसुलट करून पाहू लागली. एखादा एकदा खोटं बोलला की त्याचं खरंही तपासून घ्यावंसं वाटतं, तसं तिचं झालं.

मालवणला जायच्या आधी एक दिवस जळगावच्या पोहण्याच्या तलावात सराव होता. सकाळी सातला गाडी निघाली. कडाक्याची थंडी, आणि पुढं कापसाच्या ट्रकची रांग. काचा बंद होत्या तरी तेजस रुमालात खोकत होता. "सर्दी का हो दाजी?" हितेंद्रनं विचारलं. "हो, जराशी," तेजस म्हणाला. वाटेत चहाला थांबले तेव्हा तो गाडीमागं गेला. तलावावर पोचल्यावर आधी बाथरूममध्ये गेला. कपडे बदलताना पुन्हा गेला. नूतन मोजत होती. तीन वेळा.

शिकवायला आले होते ते ज्ञानेश्वर नाना. शिंदखेडा तालुक्यातले. वीस वर्षं नौदलात पाणबुड्याचं काम करून आता धुळ्यात राहणारे. पांढऱ्या मिशा, छाती पिंपासारखी, आणि बोलणं अजून गावाकडचंच. हितेंद्रनं आल्या आल्या त्यांची फिरकी घेतली, की नाना, तुमच्या शिंदखेड्याला प्यायला पाणी नाही, तुम्ही पोहायला शिकलात कुठं?

"म्हनीसन तं नेव्हीमा गऊ," नाना म्हणाले, म्हणजे म्हणूनच तर नौदलात गेलो. सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला होता आणि फॉर्म वाचायला सुरुवात केली होती.

एक वाचला. दुसरा वाचला. मग आठही फॉर्म बाकावर शेजारी शेजारी मांडले आणि वाकून पाहत राहिले.

"बठ्ठा फॉर्म एकच हातना शेतस," ते म्हणाले, सगळे एकाच हातानं भरलेले.

हितेंद्रनं कौतुकानं सांगितलं की आमच्या दाजींचं अक्षर फार छान आहे. नाना म्हणाले, अक्षर छानच आहे, पण आठ माणसं, आणि एकालाही आयुष्यात काहीच झालेलं नाही? एवढी धडधाकट माणसं त्यांनी नौदलातही पाहिली नव्हती. असं म्हणून त्यांनी ते आठही कागद मधोमध फाडले. हितेंद्रचं हसू मावळलं. नूतननं चोरून काकाकडं पाहिलं. तो पायाच्या बोटांकडं पाहत होता.

मग नाना टाकी लावून तलावाच्या खोल भागात उतरले. सोबत त्यांनी लाल फुगे नेले होते, वाढदिवसाला लावतात तसलेच. तळाशी, पंधरा फुटांवर, त्यांनी एका फुग्यात टाकीतली हवा भरली, गच्च गाठ मारली आणि तो सोडून दिला. फुगा वर यायला लागला. त्यात वरून कुणी हवा भरत नव्हतं, तरी तो वाढत होता. वर आला आणि पृष्ठभागावर फाटकन फुटला. मग त्यांनी दुसरा फुगा भरला, पण गाठ न मारता त्याचं तोंड बोटांत सैल, मोकळं ठेवलं आणि तो हातात धरूनच वर आले. त्यातून बुडबुडे सुटत राहिले, आणि तो जसाच्या तसा वर आला.

काठाला कोपर टेकवून, धापही न लागता, त्यांनी समजावून सांगितलं. पाणी वरून दाबतं म्हणून खाली हवा आखडून बसते, वर येताना ती पसरते. आपलं फुफ्फुस म्हणजे मोकळ्या तोंडाचा फुगा. श्वास सोडत वर आलं की काही होत नाही. पण दम्यात आतल्या बारीक नळ्या आवळतात, एखाद्या भागाला जणू गाठ बसते, तिथली हवा अडकते. मग वर येताना काय होईल, ते आत्ता पाहिलंतच. औषधांचंही तसंच. जमिनीवर जरा पेंग आणणारी गोळी खाली माणसाला अधिक सुस्त करू शकते, आणि तिथं त्याला हलवून जागं करायला कोणी नसतं. म्हणून गोळ्यांची नावंसुद्धा लिहायची, साध्या सर्दीच्या गोळीचंही.

'हो' लिहिलं म्हणजे नापास झालं असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. 'हो' लिहिलं की डॉक्टरांकडं जायचं. डॉक्टर तपासून ठीक म्हणाले तर ते स्वतः हात धरून खाली नेतील. नको म्हणाले तर होडीत बसून मासे पाहायचे, जीव तर राहतो. पण खोटा 'नाही' पाहिला की त्यांना सावधच राहता येत नाही, कारण कोणाकडं लक्ष ठेवायचं तेच कळत नाही.

मग त्यांनी कोरे फॉर्म वाटले. मतदानासारखं. एकेकानं दूर बसून भरायचा, घडी घालायची आणि थेट त्यांच्या हातात द्यायचा.

नूतननं आपला भरला. लहानपणी कान फुटला होता, त्यासाठी तिला पेन डाव्या चौकटीकडं न्यावं लागलं. खाली तिनं ते लिहून काढलं. मान वर केली तर तलावाच्या पलीकडं तेजसकाका बसला होता. एवढ्या लांबून अक्षरं दिसत नव्हती, पण पेन दिसत होतं. ते एकदाही डावीकडं गेलं नाही. उजव्या कडेनं वरून खाली सरळ उतरलं, भरताच्या दिवशी उतरलं होतं तसंच. सही. घडी. उठला.

ती धावत त्याच्याजवळ गेली. "काका, लिहिलं?"

"लिहिलं."

"काय लिहिलं?"

तो पाण्यातल्या चष्म्याचा रबरी पट्टा ताणून पाहत होता. "शपथ आठवते ना?" एवढंच म्हणाला. त्याच्या गळ्यात पुन्हा ती बारीक शिट्टी वाजत होती.

नूतन बाकावर येऊन बसली. नानांना सांगावं, असं तिच्या मनात आलं आणि त्याच क्षणी तिला दिसलं की हितेंद्र नानांना बाजूला घेऊन काही बोलतो आहे. त्यानं नानांच्या खांद्यावर हात ठेवला होता. फॉर्मांच्या पिशवीकडं बोट दाखवून तो हसला. नानाही काहीतरी बोलले. काय बोलले? नानांना इथं आणलं हितेंद्रनं. ओळख हितेंद्रची. आपण सांगावं, आणि नानांनी ते हितेंद्रला सांगावं, आणि संध्याकाळपर्यंत भुसावळला पोचावं, असं झालं तर? काकाचं लग्न मोडलं तर ते तिच्यामुळं. आणि नाही सांगितलं तर? लाल फुग्याचा एक तुकडा अजून पाण्यावर तरंगत होता.

नानांनी नावं पुकारली. दोघादोघांनी उतरायचं होतं. पहिली जोडी हितेंद्रच्या मित्रांची. दुसरी हितेंद्र आणि तेजस. पहिले दोघं उथळ पाण्यात गेले, थोड्या वेळात गारठून आणि खूश होऊन वर आले. तेजसच्या पाठीवर मदतनीस टाकीचे पट्टे आवळायला लागला. नाना काठावर पुढच्या नळ्या तपासत होते.

नूतन उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"नाना, हितेंद्रदादांनी फॉर्ममध्ये काय लिहिलं?"

नानांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "तुले कसाले?"

"असंच. ते आमचे सोयरे होणार. माहीत असलेलं बरं."

"तो बी तेच म्हने," नाना म्हणाले. "तुमना बद्दल इचारे."

नूतन आणखी जवळ सरकली. "मग तुम्ही काय सांगितलं?"

"तुले जे सांगस तेच."

"काय?"

"काहीच नही," नाना म्हणाले आणि पुन्हा नळी कानाशी धरून हवा नीट येते का ते ऐकू लागले.

नूतननं क्षणभर त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. तिथं हसू नव्हतं, आणि तिला खूश करायची घाईही नव्हती. तिनं मागं वळून पाहिलं. टाकीचे पट्टे बांधून झाले होते. तेजसकाका एक पाय शिडीवर ठेवून उभा होता, शेजारी हितेंद्र त्याला काही सांगून हसवत होता, आणि हसताना काकाला खोकला येत होता.

ती शिडीकडं पाठ करून उभी राहिली, म्हणजे तिचे ओठ तिकडून कोणाला दिसणार नाहीत. मग हळूच, पण एकेक शब्द नीट लावत म्हणाली, "माझ्या तेजसकाकाला दमा आहे. रोजचं औषध आहे. आज सकाळपासून तीनदा निळा पंप ओढलाय त्यानं."

नानांनी हातातली नळी खाली ठेवली. ते उठले, आणि पहिल्या जोडीच्या टाकीत काहीतरी बिघाड दिसतोय, सगळ्या टाक्या तपासतो, सगळ्यांनी दहा मिनिटं थांबा, असं मोठ्यानं सांगून त्यांनी शिडीवरच्या दोघांना मागं घेतलं. हितेंद्र चहा प्यायला बाहेर गेला. तेजस टाकी उतरवून बाकावर एकटाच बसला.

आता नूतनला गप्प बसून राहता आलं असतं. नानांनी तिचं नाव घेतलं नव्हतं, पुढंही घेतलं नसतं. कोणी सांगितलं, याचा काकाला कधी पत्ता लागला नसता. तो आजीवर संशय घेत बसला असता, डॉक्टरांवर घेतला असता.

नूतन बाकापाशी गेली, काकाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, नानांना मी सांगितलं."